लेखक, वाचक आणि मधला माणूस

(राजापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



व्याख्यान सुरू व्हायच्या आधी बाहेर चहा घेत होतो. तिथे एक गृहस्थ भेटले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या गावाच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच्या पैशानं छापून घेतलं. पाचशे प्रती. शंभरेक नातेवाइकांत वाटल्या, पन्नास-साठ विकल्या गेल्या, उरलेल्या माळ्यावर आहेत. म्हणाले, “दर पावसाळ्याआधी खोकी खाली काढतो, वाळवी लागली का बघतो आणि परत वर ठेवतो.” मग हसून विचारलं, “तुम्ही इतिहासवाले. मला एवढंच सांगा, वाचक असतात तरी कुठे?”

आजचा माझा विषय हाच आहे. हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही आणि आजचाही नाही. मराठीत छपाई आली तेव्हापासून प्रत्येक लेखकाला तो पडलेला आहे. त्यावर कोणी काय केलं, कोणाचं जमलं, कोणाचं फसलं, हे आपण क्रमानं बघू.

राजापूर हे बंदराचं गाव. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली, हे तुम्हाला मी सांगायला नको. बंदरातल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गलबत धक्क्याला लागलं म्हणजे माल विकला गेला असं होत नाही. माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणीतरी लागतो, ज्याला मालही ठाऊक आहे आणि गिऱ्हाईकही ठाऊक आहे. पुस्तकाचंही तसंच आहे. लेखक आणि वाचक यांची गाठ आपल्याकडे बहुतेक वेळा अशाच एका मधल्या माणसानं घालून दिलेली दिसते. आज त्या माणसाकडे लक्ष ठेवू या.

श्रोते होते, वाचक नव्हते

छापखान्याच्या आधीची गोष्ट बघा. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. कोकणात चातुर्मासात घरोघर पोथी लावायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. ओटीवर एक जण वाचणार, पाच-पंचवीस माणसं ऐकणार. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नसायची. पण कथा पाठ असायची.

जुने कवी ग्रंथात ज्यांना हाक मारतात ते ‘श्रोते’. ‘वाचकहो’ ही हाक नंतरची. त्या कवींना पक्कं ठाऊक होतं की आपला ग्रंथ शेवटी कोणाच्या तरी तोंडून ऐकला जाणार आहे. पुराणिक, कीर्तनकार, घरातला एखादा वाचणारा मुलगा, हा पहिला मधला माणूस. दुसरा म्हणजे पोथी नकलून घेणारा लेखकू. पोथीच्या शेवटी तो स्वतःचं नाव घालायचा, नक्कल पुरी झाल्याची तिथी घालायचा आणि पाण्यापासून, तेलापासून पोथी जपा अशी विनवणी करायचा. आमच्या गृहस्थांची वाळवीची काळजी त्याच घराण्यातली.

या व्यवस्थेत एक मोठी सोय होती. कोणीतरी मागितल्याशिवाय नक्कल व्हायचीच नाही. म्हणजे प्रत आधी आणि वाचक मागाहून, असं कधी घडतच नव्हतं. छपाईनं हा क्रम उलटा केला. आता पाचशे प्रती एकदम तयार होतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघायचं. माळ्यावरच्या खोक्यांचा जन्म इथे झाला.

तुपाची शाई

मराठी पुस्तकं छापायला सुरुवात झाली ती दूर बंगालात, श्रीरामपूरला, १८०५ साली. पुढे मुंबईत मिशनऱ्यांचे छापखाने निघाले, सरकारी शाळांसाठी पुस्तकं छापली जाऊ लागली. पण ही पुस्तकं वाटली जायची किंवा शाळेत नेमली जायची. घरातल्या माणसानं आपण होऊन पैसे मोजून छापील मराठी वस्तू घ्यावी, हे घडवून आणलं त्यांत एक नाव फार महत्त्वाचं आहे. गणपत कृष्णाजी.

हे भंडारी समाजातले. फारसं शिक्षण नाही. मिशनच्या छापखान्यात काम बघितलं, आणि स्वतःच्या हिकमतीवर शिळाछापाचं यंत्र उभं केलं, शाईसुद्धा स्वतः बनवली. १८३१ साली त्यांनी पंचांग छापलं.

आता पंचांगच का? कारण पंचांगाला वाचक शोधावा लागत नाही. ते दर घराला लागतंच. तोपर्यंत जोशी हातानं नकला करून द्यायचे. गणपत कृष्णाजींनी नवीन गरज निर्माण केली नाही, असलेली गरज ओळखली.

पण अडचण वेगळीच निघाली. छापील कागद सोवळ्यात चालेना. शाईत चरबी असते अशी लोकांची समजूत. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिलं, त्यात त्या काळच्या छापखान्यांची हकीकत आलेली आहे. या शंकेवर उपाय म्हणून धार्मिक पुस्तकं तुपाच्या शाईनं छापली जाऊ लागली. तुम्ही याला हसाल. पण या माणसानं वाचकाला अडाणी म्हणून हिणवलं नाही. तुला कशाची अडचण आहे, एवढं विचारलं आणि शाई बदलली. मजकुराला हात लावावा लागला नाही.

एकाच माणसाच्या दोन वाटा

त्याच सुमाराला आपल्या मुलखातला एक तरुण मुंबईत काम करत होता. बाळशास्त्री जांभेकर. गाव पोंभुर्ले, इथून दक्षिणेला. आज ते देवगड तालुक्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेलंय, पण बाळशास्त्र्यांच्या चरित्रांत ‘राजापूर तालुक्यातले पोंभुर्ले’ असंच वाचायला मिळतं. तेव्हा ते आपलेच.

६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढलं. वय अवघं विशीचं. पत्र आधी पाक्षिक होतं, त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झालं. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो, हार घालतो. पण ‘दर्पण’चे वाचक कोण होते, हे फारसं कोणी विचारत नाही.

विचार करा, १८३२ साली मराठी वाचता येणारा, वृत्तपत्र म्हणजे काय हे ठाऊक असलेला आणि वर्गणी भरू शकणारा माणूस किती ठिकाणी सापडणार? ‘दर्पण’चे वर्गणीदार काही शेकड्यांच्या घरातच राहिले. दोन भाषा ठेवल्या त्यामागे हाही हिशेब दिसतो. इंग्रजी स्तंभामुळे साहेबाला एतद्देशीयांचं म्हणणं कळावं, मराठी स्तंभामुळे आपल्या लोकांना नवीन विद्या कळावी. दोन्हीकडचे थोडे थोडे मिळून पत्र चालावं. १८४० साली ‘दर्पण’ बंद झालं. साडेआठ वर्षं चाललं.

त्याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. ज्ञानेश्वरीची ही पहिली छापील प्रत. शिळाछापात अक्षर हातानं लिहिल्यासारखं उमटतं, त्यामुळे पोथीची सवय असलेल्या डोळ्यांना ते परकं वाटत नाही. आणि ज्ञानेश्वरीला श्रोता तर साडेपाचशे वर्षं होताच.

मला या दोन कामांचं फार नवल वाटतं. ‘दर्पण’ म्हणजे अजून जन्माला न आलेल्या वाचकासाठी लिहिणं. ज्ञानेश्वरी म्हणजे जुन्या श्रोत्याच्या हाती नवीन वस्तू देणं. पुढच्याच वर्षी, १८४६ च्या मे महिन्यात, बाळशास्त्री वारले. पस्तिशीही गाठली नव्हती. एवढ्या थोड्या आयुष्यात दोन्ही वाटा चालून बघितल्या. पहिल्या वाटेवर वाचक तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ लेखकाच्या आयुष्यात बसेलच असं नाही. ‘दर्पण’नंतर १८४१ साली भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ निघालं, त्यात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं आली. ‘दर्पण’नं नांगरलेल्या जमिनीत ते पीक आलं.

टपालवाला नावाचा ग्रंथविक्रेता

आता मुंबई-पुण्यातून बाहेर पडू. राजापुरातल्या, लांज्यातल्या, खारेपाटणातल्या माणसाला पुस्तक मिळायचं कसं? दुकान नाही. आगबोट जैतापूरला लागायची, आणि पावसाळ्यात तीही बंद.

इथे मधला माणूस बदलला. आता तो टपालवाला झाला. १८५४ साली देशभर एकच टपालदर लागू झाला. पत्र जवळ जावो की लांब, वजन तेच तर पैसे तेच. त्यानंतर १८७७ साली व्ही.पी. सुरू झाली आणि १८८० साली टपालखात्याची मनीऑर्डर. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना व्ही.पी. आठवत असेल. पुस्तक टपालानं यायचं, टपालवाल्याच्या हाती पैसे ठेवले की पार्सल सोडवून घ्यायचं, ते पैसे खात्यामार्फत प्रकाशकाला पोचायचे. अनोळखी वाचक आणि अनोळखी प्रकाशक यांच्यात विश्वासाचा प्रश्नच उरला नाही. एकाला पैसे बुडण्याची भीती नाही, दुसऱ्याला पुस्तक बुडण्याची नाही.

मराठी मासिकांना याचा केवढा आधार झाला! ‘मनोरंजन’ हे मासिक १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलं. हे मूळचे आजगावकर, सावंतवाडीकडचे. बंगाली साहित्याच्या ओढीनं ‘मित्र’ झाले. १९०९ साली त्यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे दिवाळी अंक ही मराठी माणसाची सवयच झाली. पावसाळा संपलाय, शेतीच्या कामातून उसंत मिळतेय, सणाला घरात माणसं जमलीत, अशा वेळी अंक हाती पडतो. पंचांग जसं पाडव्याला, तसा अंक दिवाळीला. वाचनाला वर्षाच्या चक्रात एक जागा मिळाली. आजही एरवी पुस्तक विकत न घेणारं घर दिवाळी अंक घेतं, नाहीतर वाचनालयात त्याच्यासाठी नंबर लावतं.

या वर्गणीच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट होती. संपादकाकडे वर्गणीदारांची वही असायची. त्यात नाव, गाव, पोस्ट, तालुका. जुन्या कितीतरी मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडते, कोणी किती प्रती घेतल्या त्यासकट. आपला वाचक अमुक गावचा अमुक, हे लेखकाला नावानिशी ठाऊक असायचं.

ज्यांच्याकडे वही नव्हती

पण ही वही कोणाची होती? शिकलेल्यांची, नोकरदारांची, बहुतेक पुरुषांची. ज्याला शेतकऱ्यासाठी लिहायचंय त्यानं काय करायचं?

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला १८८३ साली. ज्याच्याविषयी लिहिलं त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. तेव्हा फुले प्रकरणं घेऊन लोकांत गेले. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जमलेल्या मंडळींना वाचून दाखवली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवली. पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त आली, पुढची तिथे आली नाहीत. पण ग्रंथ छापून होण्याची वाट न बघता तो त्याच्या माणसांपर्यंत पोचलेला होता. पोथीवाचनाची जुनी रीत फुल्यांनी उचलली, आणि ओटीवरून ती गावच्या सभेत नेली.

आता दुसरं पुस्तक. त्याच सुमाराचं, १८८२ सालचं. ‘स्त्री-पुरुष तुलना’. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. छपाई पुण्याला, श्री शिवाजी छापखान्यात. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पाचशे प्रती! आमच्या गृहस्थांइतक्याच.

स्त्रियांच्या बाजूनं इतकं सडेतोड लिहिणारं पुस्तक त्या काळात दुसरं दाखवता येणार नाही. त्यावर टीका झाली, ताराबाईंची बाजू फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये घेतली. त्यानंतर पुस्तक दिसेनासं झालं. ज्या बायकांसाठी लिहिलं त्यांतल्या फारच थोड्यांना वाचता येत होतं. आणि ज्या पुरुषांना वाचता येत होतं त्यांना ते वाचायचं नव्हतं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

१९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा छापलं. त्र्याण्णव वर्षांनी. आज ते विद्यापीठांत शिकवतात, त्याची भाषांतरं झालीत. मग मी विचारतो, हे पुस्तक त्र्याण्णव वर्षं वाईट होतं आणि एकदम चांगलं झालं काय? मजकूर तोच. मधला माणूस मिळाला एवढंच. एकानं तेव्हा नाव घेऊन ठेवलं, दुसऱ्यानं पुढे धूळ झटकली.

मी हे सांगतो तेव्हा लोक म्हणतात, बघा, चांगलं पुस्तक कधीतरी वर येतंच. मला ते पटत नाही. मालशे भेटले नसते तर? अशी किती पुस्तकं असतील ज्यांना कोणीच भेटलं नाही, त्यांची नावं आपल्याला सांगता येणार नाहीत. आणि ताराबाईंना त्याचा काय उपयोग झाला? त्यांना हयातीत एखादी बाई येऊन म्हणाली असती, ‘ताराबाई, माझ्या मनातलं लिहिलंत,’ तर कदाचित दुसरं पुस्तक लिहून झालं असतं. वाचक मिळणं हा विक्रीचा विषय आहे, तसाच पुढचं पुस्तक लिहून होणार की नाही याचाही आहे.

वाचक आधी, पुस्तक मागाहून

१९७० च्या दशकात मुंबईत ‘ग्रंथाली’ सुरू झाली. दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी. त्यांनी स्वतःला वाचक चळवळ म्हणवलं, प्रकाशनसंस्था म्हणवलं नाही. वाचकांनी सभासद व्हायचं, पुस्तकं त्यांना सवलतीत मिळायची. म्हणजे पोथीचा जुना क्रम परत आला. आधी मागणारा, मग प्रत.

त्यातून काय निघालं बघा. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’, १९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. तोपर्यंत असं आयुष्य मराठी पुस्तकात कोणी वाचलेलंच नव्हतं. ‘असली पुस्तकं कोण घेणार?’ हा प्रश्न दुकानदारानं विचारलाच असता. पण इथे वाचक आधीच जमवून ठेवलेले होते, ते काहीतरी वेगळं वाचायला तयार होते. वही पुन्हा कामाला आली, आणि या वेळी ती वेगळ्या लेखकांच्या कामाला आली.

आणि वाचनालयं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे ‘दर्पण’च्याही आधीचं. कोल्हापूर संस्थानात १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, महाराष्ट्र राज्यात १९६७ साली. गावोगावी अनुदान मिळू लागलं, कपाटं भरली. पण ज्या वाचनालयात टेबलापलीकडे बसलेली व्यक्ती ‘हे वाचा, तुम्हाला आवडेल’ असं म्हणते, तिथलंच पुस्तक कपाटाबाहेर पडतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माळ्यावरची खोकी

आता आमच्या गृहस्थांकडे येतो. तुम्ही विचारलंत, वाचक असतात तरी कुठे. दोनशे वर्षांच्या इतिहासातून मला जे उत्तर दिसतं ते असं, की ‘वाचक’ नावाचा घोळका कुठेच उभा नसतो. असतात ती माणसं, नाव-गाव असलेली. तुमचं पुस्तक तुमच्या गावाविषयी आहे. मग त्या गावातून मुंबईला गेलेली घरं किती? गणपतीला, शिमग्याला येतातच ना ती? गावच्या मंडळाकडे त्यांची यादी असते. ती तुमची वर्गणीदारांची वही. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा रात्री मांडावर माणसं बसलेली असतात. तिथे एक प्रकरण वाचून दाखवा. विकायचं नाही, नुसतं वाचायचं. एखादा म्हातारा मधेच म्हणेल, ‘असं नव्हतं रे ते, मी होतो तिथे.’ ते लिहून घ्या. तुमची दुसरी आवृत्ती तिथून सुरू होईल.

उरलेली खोकी पुढच्या पावसाळ्याआधी खाली काढाल, ती परत वर चढवू नका. प्रत्येक प्रत कोणाच्या हाती द्यायची, त्याची यादी करा. साडेतीनशे नावं लिहून होणार नाहीत म्हणता? मला वाटतं, होतील.

थांबतो.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी विचारले: “सर, लोक पुस्तक फुकट मागतात. द्यावं का?”)

ताई, चांगलं विचारलंत. इतिहास सांगतो की ज्यानं चार आणे का होईना दिले, तो वर्गणीदार झाला, त्यानं पत्र लिहिलं, तक्रार केली, अंक उशिरा आला तर चौकशी केली. थोडे का होईना पैसे घ्या. आणि ज्याला खरंच परवडत नाही त्याला पुस्तक वाचायला द्या, पण तारीख घालून. परत द्यायला येईल तेव्हा दोन शब्द बोलेल. लेखकाला तेच हवं असतं.